बैल लक्षात राहिले, पंप विसरले: गावच्या धंद्यासाठी व्हिडिओ जाहिरात कशी करावी

माझी पहिली जाहिरात एका कृषी केंद्राची होती. फवारणी पंप खपवायचा होता. तेव्हा मी लग्नाचे व्हिडिओ काढायचो, हाती नवाकोरा ड्रोन आला होता आणि तो उडवायची भारी हौस होती. मग काय, उगवता सूर्य, धुक्यातून येणारी पांढरीशुभ्र बैलजोडी, बंडीवर फेटेवाला शेतकरी, मागे एका गाजलेल्या सिनेमाचं गाणं. शेवटच्या चार सेकंदांत दुकानाचं नाव, पत्ता, दोन मोबाइल नंबर आणि मालकाचा हात जोडलेला फोटो. व्हिडिओ तालुकाभर फिरला. आठ दिवसांनी मी उरलेले पैसे घ्यायला गेलो, तर मालक गप्प. मग म्हणाले, "भाऊ, फोन तं लय आले. पण पंपासाठी नाही आले. बैल कोनाचे जी, इकाचे हायेत का, असं इचारून रायले लोकं."

बैल शेजारच्या गावातल्या एका माणसाचे होते. पोळ्याच्या आधी ते चांगल्या भावात विकले गेले. पंप दुकानातच राहिले. पुढे त्या सिनेमाच्या गाण्यामुळे यूट्यूबवर व्हिडिओचा आवाजही बंद झाला.

त्या दिवसापासून मी कुठल्याही जाहिरातीला एकच प्रश्न विचारतो: माणसाच्या डोक्यात जे राहिलं, त्याला दुकानाचं नाव बांधलेलं आहे का? व्हिडिओ सुंदर झाला, लोकांनी 'मस्त' म्हणून अंगठे दाखवले, याने मालकाचं पोट भरत नाही. तुमचा बचत गट असेल, लाकडी घाणा असेल, रोपवाटिका असेल, किंवा तुम्ही माझ्यासारखे मोबाइल घेऊन या कामात नव्याने उतरलेले असाल, तर पुढच्या पायऱ्या क्रमाने करा. शूटिंगच आधी करायला जाऊ नका, मी तेच केलं होतं.

पहिली पायरी: कॅमेरा घरी ठेवून जा

पहिल्या भेटीत काहीही शूट करायचं नाही. दुकानात किंवा कारखान्यात तासभर नुसतं बसायचं. मालकाला विचारलं की तो तीन गोष्टी सांगतो: उत्तम दर्जा, वाजवी दर, ग्राहकांचा विश्वास. समोरचा दुकानदारही तेच सांगतो. त्यामुळे मालकाचं ऐकून घ्या, चहा प्या, आणि गिऱ्हाइकाला विचारा, "काकाजी, तुम्ही इथूनच काहून नेता?"

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बचत गटाचं काम आलं होतं. गटाच्या बायका पापड, मसाला आणि जवसाची चटणी करतात. त्यांची यादी तयारच होती: शुद्ध, घरगुती, महिला सक्षमीकरण, योजनेचं नाव, सरपंचांच्या शुभेच्छा. मी वही मिटून ओसरीवर बसलो. तेवढ्यात एक म्हातारी बाई पाव किलो चटणी न्यायला आली. तिला विचारलं, तर सहज म्हणाली, "यायची चटणी करपट नाही लागत, बाप्पा. बाकीच्यायची तोंडात कडू येते."

का नाही लागत? मग गटातल्या काकूंनी कढई चढवून दाखवलं. जवस गरम झाला की तडतडायला लागतो. कच्चा राहिला तर चिकट लागतो, जास्त भाजला तर कडू होतो. नेमकं उतरवायचं कधी, यासाठी त्या ना घड्याळ बघत, ना रंग. कान देतात. तडतड जोरात येते, मग थोडी मंदावते, त्याच क्षणी कढई खाली. "आंधळीनंही भाजावं असं काम हाय हे," काकू म्हणाल्या.

माझी जाहिरात तिथेच झाली. बाकी सगळं हमालीचं काम.

तुम्हाला सापडलेली गोष्ट एका वाक्यात लिहा. मग त्या वाक्यातलं नाव पुसून शेजारच्या दुकानाचं नाव घाला. वाक्य तरीही खरं वाटलं, तर ते कामाचं नाही, परत ओसरीवर जाऊन बसा. 'शुद्ध आणि चविष्ट चटणी' कुणालाही लावता येते. 'आवाज ऐकून उतरवलेली चटणी' दुसऱ्याला लावायची तर आधी त्याला तशी करावी लागेल.

आणि एकच गोष्ट. मालक म्हणेल, पैसे देतोच आहे तर पापड पण दाखवा, मसाला पण दाखवा, होम डिलिव्हरीचं पण सांगा. इथे भांडावं लागतं. मी एक युक्ती करतो. खिशातून पाच लिंबं काढतो आणि सगळी एकदम त्यांच्याकडे फेकतो. एकही हातात येत नाही. मग एकच फेकतो. मालक हसतो आणि ऐकतो. (एकदा एकाने पाचातली तीन झेलली. क्रिकेटवाला निघाला. त्या दिवशी मी हरलो आणि तो व्हिडिओही खिचडी झाला.)

दुसरी पायरी: खूण ठरवा

हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

आपल्याच अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा बघा. १८७६ साली शेंडगावात जन्मलेला हा माणूस, फोटो क्वचितच निघण्याचा काळ. अंगावर चिंध्या, हातात खराटा आणि गाडगं. आज नुसता खराटा आणि गाडगं काढलं तरी विदर्भातलं शाळकरी पोट्टंही नाव सांगतं. त्यांनी ते जाहिरातीसाठी केलं नव्हतं, हे उघड आहे. खराट्याने ते खरंच गाव झाडायचे. आणि म्हणूनच ती खूण टिकली, कारण ती कामातूनच आली होती. तुकडोजी महाराजांची खंजिरीही तशीच: आवाज आला की माणूस आठवतो. खूण डोळ्यांसाठी असू शकते, कानांसाठीही.

मोठ्या कंपन्यांनी हेच केलं. लिज्जत पापडाची सुरुवात १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. पुढे त्यांच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत रामदास पाध्यांचा बोलका ससा आला. पण खरी खूण नुसता ससा नाही: पापड मोडल्याचा कुर्रम आवाज. पापड चांगला आहे हे सांगायची गरजच उरली नाही, तो ऐकू आला. निरमा घ्या. करसनभाई पटेलांनी १९६९ साली पावडर विकायला सुरुवात केली, मुलगी निरुपमाच्या नावावरून नाव ठेवलं. जाहिरातीत पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी, आणि तीच मुलगी पुडीवर. दुकानात पुडी दिसली की जाहिरात आठवते, जाहिरात लागली की पुडी आठवते. माझ्या बैलांमध्ये आणि त्या मुलीमध्ये एवढाच फरक होता: बैल पंपाच्या खोक्यावर नव्हते.

फेविकॉलची बसची जाहिरात आठवा. वाळवंटातून खच्चून भरलेली बस चाललीय, टपावर माणसं, बाजूला माणसं लटकलेली, खड्ड्यांतून धक्के बसतात पण पडत कुणीच नाही. शेवटी बसच्या मागे फेविकॉलचा फलक दिसतो. त्यात 'आमचा गोंद मजबूत आहे' असं एक अक्षर कुणी बोलत नाही. गंमतही तीच, दावाही तोच, नावही तेच. नाव काढून टाकलं तर विनोदच संपतो. चांगल्या जाहिरातीची परीक्षा ही अशी. माझ्या व्हिडिओतून पंपाचं नाव काढलं असतं तर काहीच बिघडलं नसतं, उलट चार सेकंद वाचले असते.

आणि विको. कंपनीचे संस्थापक केशव पेंढरकर मुंबईला जाण्याआधी नागपुरात दुकान चालवायचे. विको टर्मरिक कॉस्मेटिक नाही, आयुर्वेदिक क्रीम आहे, हे त्यांच्या जाहिरातीतलं घोषवाक्य दोन पिढ्यांना पाठ आहे. त्यात नावातच हळद आहे, आणि यमक असं की तोंडातून आपोआप निघतं. मजा म्हणजे हे सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, हाच वाद कंपनीचा अबकारी खात्याशी वर्षानुवर्षं चालला. जो मुद्दा धंद्याच्या मुळाशी होता तोच गाण्यात आला.

आता तुमची खूण शोधा. चार जागी बघा. आवाज: घाण्याची करकर, पिठाच्या गिरणीचा पट्टा, जात्याची घरघर. रंग: एकच रंग धरा आणि तो पाटी, पुडी, साडी, बॅग सगळीकडे ठेवा. हातातली वस्तू: सराटा (उलथनं), पायली, विळा. बोललेली ओळ: सहा-सात शब्दांपेक्षा मोठी नको, आणि तुमच्या दुकानात ती खरंच बोलली जात असेल तर उत्तम. खूण एकच निवडा, फार तर दोन. मग ती पुडीवर छापता येते का ते पाहा. आवाज छापता येत नाही असं मलाही वाटलं होतं. त्याचं पुढे सांगतो.

तिसरी पायरी: कागदावर लिहा

मराठीत सावकाश, समजेल असं बोललं तर ३० सेकंदांत साठ-पासष्ट शब्द मावतात. त्याहून जास्त कोंबले की बोलणारा बस स्टँडवरचा उद्घोषक वाटतो. शब्द मोजा. मग निम्मे काढा.

सुरुवात सगळ्यांत कठीण. यूट्यूबवर जाहिरात ५ सेकंदांनी पुढे ढकलायचं बटण येतं आणि लोकांचा अंगठा आधीच तिथे ठेवलेला असतो. व्हॉट्सॲप स्टेटसवर तर तेवढाही धीर नाही. म्हणून गणपतीचा फोटो, 'सादर करीत आहे', गोल फिरणारा लोगो, हे सगळं काढा. कीर्तनात गाडगेबाबा समोरच्यालाच प्रश्न विचारून बोलतं करायचे. तसं पहिल्या क्षणी बघणाऱ्याच्या मनात 'हे काय आहे?' आलं पाहिजे.

चटणीचा कागद असा होता:

० ते ३ सेकंद. काळी लोखंडी कढई, अगदी जवळून. जवस उडतोय. फक्त तडतड. संगीत नाही, अक्षर नाही.

३ ते १०. नवी सून सराटा घेऊन बसली आहे. घाईने विचारते, "काकू, उतरवू का?" काकू डोळे मिटून, मान किंचित कलती करून, "थांब नं. आयक."

१० ते १८. दोघी गप्प. तडतड जोरात, मग मंद. काकूंचे डोळे उघडतात. "आता." कढई खाली.

१८ ते २५. खलबत्ता. ज्वारीची भाकर, तिच्यावर चटणी, वरून तेलाची धार. सासरा एक घास खातो, काहीच बोलत नाही, दुसरा घास घेतो.

२५ ते ३०. पुडी. सुनेचा आवाज: "तडतड आयकून उतरवलेली जवसाची चटनी." गटाचं नाव, कुठे मिळेल.

बोललेले शब्द मोजून वीसही नाहीत.

यातही एक चूक राहिली होती, ती आमच्याच घरच्यांनी पकडली. नाव आणि पुडी २५व्या सेकंदाला येत होती. ज्याने दहाव्या सेकंदाला व्हिडिओ सोडला, त्याला कुणाची चटणी ते कधीच कळणार नव्हतं. बैलांचीच चूक, नव्या कपड्यांत. मग पुन्हा जाऊन चुलीजवळच्या फळीवर पुड्यांची ओळ लावली, नाव समोर येईल अशी, आणि काकूंच्या चेहऱ्याच्या प्रत्येक चित्रात ती मागे दिसेल असा कॅमेरा ठेवला. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, तेव्हा भोंगा लावलेली गाडी गावागावांत फिरते. तो भोंग्यावरचा माणूस नाटकाचं नाव एकदा सांगून थांबतो का? त्याला माहीत असतं की एक घर आता ऐकतंय आणि पुढचं घर नंतर. तुमचंही तसंच आहे. नाव ओरडायची गरज नाही, पण ते पहिल्या पाच सेकंदांत, मध्ये आणि शेवटी असू द्या.

चौथी पायरी: शूटिंग

मोबाइल चालतो. कॅमेऱ्यासाठी कर्ज काढू नका. पैसा खर्च करायचाच तर कॉलरला लावायच्या माइकवर करा, कारण धूसर चित्र लोक सहन करतात, न कळणारं बोलणं नाही. मोकळ्या शेतात वारा असतो, त्यासाठी माइकवर स्पंजची टोपी हवी. ती हरवली तर लहान बाळाचा लोकरी मोजा चढवा, काम होतं.

उजेडाचं गणित आपल्याकडे सोपं आहे. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत आटपा. नंतरचं ऊन चेहऱ्यावर काळे खड्डे पाडतं, आणि मे महिन्यात ४५ अंशांत मोबाइल तापून स्वतःच बंद होतो. घरात शूट करायचं तर दाराशी बसवा, उजेड एका बाजूने येऊ द्या, ट्यूबलाइट बंद करा. बंद करता येत नसेल आणि पडद्यावर काळ्या पट्ट्या सरकताना दिसत असतील, तर आपली वीज ५० हर्ट्झची आहे हे लक्षात ठेवा. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा, पट्ट्या जातात. ही एक गोष्ट मला शिकायला दोन लग्नं वाया घालवावी लागली.

तडतडीचा आवाज मात्र फार छळला. गाव शांत असतं असं शहरातल्यांना वाटतं. प्रत्यक्षात गिरणी, मोटार, कुणाच्या तरी बारशाचा डीजे, आणि आपण रेकॉर्ड सुरू केलं की नेमका ओरडणारा कोंबडा. शेवटी वीज गेली तेव्हा काम झालं. गिरणी बंद, पंखे बंद, टीव्ही बंद. माइक कढईपासून हातभर दूर धरला, जवळ नेला असता तर वितळला असता, आणि तीन वेळा जवस भाजून घेतला. तिसरा करपला, कारण मी 'अजून थोडं' म्हणत राहिलो. काकूंनी तो कोंबड्यांना टाकला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं.

माणसं निवडताना नट शोधू नका. जो ते काम रोज करतो त्याचे हात दाखवा. काकूंना संवाद पाठ करायला लावला तेव्हा त्या शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या वाटल्या. मग कागद काढून घेतला आणि म्हटलं, तुम्ही जवस भाजा, मी असाच बसतो. 'थांब नं. आयक.' हे त्या सुनेला खरोखरच बोलल्या, मी फक्त ते टिपलं.

पाचवी पायरी: भाषा

वऱ्हाडी ठेवायची की पुस्तकी? हा वाद प्रत्येक वेळी होतो आणि बहुतेक वेळा घरातला शिकलेला मुलगाच म्हणतो, "गावठी वाटते." माझं मत स्पष्ट आहे. बोलणं घरचं असू द्या, पडद्यावरची अक्षरं प्रमाण मराठीत. 'मले', 'काहून', 'आयक' कानाला गोड लागतं, वाचायला मात्र अडखळतं.

पण एक पथ्य. वऱ्हाडी म्हणजे विनोद, असं समजून पात्राला वेंधळं करू नका. आपल्या भाषेत आपल्यालाच हसवणारे पुष्कळ आहेत. ज्या बाईकडून चटणी घ्यायची तिच्या शहाणपणावर विश्वास बसला पाहिजे. भंडारा-गोंदियाकडचं बोलणं आणि अकोल्याकडचं बोलणं वेगळं, हेही ध्यानात असू द्या. जिथला माल, तिथलीच बोली.

सहावी पायरी: जोडकाम

मोबाइलवरची फुकटची ॲप पुरेशी आहेत. उभा व्हिडिओ ठेवा, १०८० बाय १९२० पिक्सेल. चित्र बदलताना चक्री, पान उलटणं, चांदण्या, हे सगळं टाळा. बरेच लोक आवाज बंद ठेवून बघतात, म्हणून बोललेलं मोठ्या अक्षरांत खाली द्या. तडतडीच्या वेळी आम्ही 'तड तड तड' अशी अक्षरं उडत्या जवसासारखी टाकली, तेवढीच एक चैन. सिनेमाचं गाणं वापरू नका. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं, नाहीतर गावातल्या भजनी मंडळाला मानधन देऊन दोन मिनिटं पेटी-तबला वाजवून घ्या आणि लेखी परवानगी घ्या. तीस सेकंदांचा झाला की त्यातूनच १५चा आणि ६चा काढा. सहाच्यात फक्त कढई, 'आता', आणि पुडी.

सातवी पायरी: खोटं बोलायचं नाही

धर्म म्हणून सांगत नाही, कायदा म्हणून सांगतो. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. जवसाच्या चटणीने शुगर बरी होते असं गटातल्या एका ताईंना घालायचं होतं, कारण कुणीतरी फॉरवर्ड पाठवला होता. मधुमेह बरा करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४च्या चमत्कारिक औषधांच्या जाहिरातीविषयीच्या कायद्याने मनाई आहे. ताईंना एवढं सांगितलं, त्यांनी स्वतःच खोडलं. बियाण्याच्या आणि फवारणीच्या जाहिरातीत 'एकरी एवढे क्विंटल हमखास' असं तर बोलूच नका. पाऊस तुमच्या हातात नाही, आणि फसलेला शेतकरी तुमच्याच तालुक्यात राहतो.

वायगावची हळद, भिवापूरची मिरची, नागपूरचं संत्रं यांना भौगोलिक मानांकन आहे. तुमचा माल खरंच तिथला असेल तर ती मोठी पुंजी आहे, शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) उभे राहून सांगा. शेजारच्या तालुक्यातली हळद वायगावची म्हणून दाखवू नका, आणि मानांकनाचं चिन्ह वापरण्यासाठी नोंदणी लागते हेही पाहून घ्या. खाण्याच्या पुडीवर अन्नसुरक्षेचा १४ अंकी क्रमांक असतो. पुडी जवळून दाखवाल तर तो दिसू द्या.

आठवी पायरी: कधी आणि कुठे

माणसाच्या हातात पैसा असतो तेव्हा. सोयाबीन आणि कापूस विकून घरात पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे आणि त्यानंतर. घरगुती वस्तू, भांडी, मिक्सर यांची जाहिरात तेव्हा. बियाणं आणि औजारांची मृग लागायच्या महिनाभर आधीपासून, कारण शेतकरी ठरवतो आधी आणि विकत घेतो नंतर. बैलांच्या साजाची श्रावणात. चटणी-पापडाची बारमाही चालते, पण पोरं होस्टेलवर जातात त्या जूनमध्ये आईच्या मनात डबा असतो, तेव्हा जास्त चालते.

व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ दाबला जातो आणि चित्र भुरकट होतं. एचडी निवडून पाठवा किंवा डॉक्युमेंट म्हणून. स्टेटस २४ तासांत जातं, म्हणून बाजाराच्या आदल्या संध्याकाळी लावा. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर पैसे देऊन फक्त आपल्या परिसराच्या अंतरात जाहिरात दाखवता येते. पाचशे रुपयांपासून सुरुवात करा, पुण्या-मुंबईच्या बघ्यांसाठी पैसे उधळू नका. आणि सगळे विसरतात ती जागा: तुमचंच दुकान. काउंटरवर जुना मोबाइल चार्जिंगला लावून व्हिडिओ फिरवत ठेवा.

नववी पायरी: दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर

किती जणांनी पाहिला हा आकडा बघून खूश होऊ नका. मी काय करतो ते सांगतो. व्हिडिओ सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी, जिथे मला कुणी ओळखत नाही अशा पानठेल्यावर जातो. चहा घेतो. आणि गटाचं, मालाचं नाव न घेता विचारतो, "काल एक व्हिडिओ आला होता जी, कढईचा. पाहिला का?" पाहिला म्हणाला तर, "काय होतं त्यात?" आणि मग, "कशाचा होता तो?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं तर जाहिरात जमली. दुसऱ्यापर्यंतच आलं तर पुन्हा बैल झाले. दहा जणांना विचारा, पुरे होतं.

याशिवाय जाहिरातीत एक वेगळा नंबर द्या, जो दुसरीकडे कुठेच छापलेला नाही. कोणता फोन जाहिरातीमुळे आला ते आपोआप कळतं. आणि दुकानातल्या पोराला वही द्या: नवं गिऱ्हाईक आलं की 'कुठं पाहिलं?' एवढंच लिहायचं.

चटणीच्या वेळी गंमत झाली. पानठेल्यावर दहापैकी सात जणांनी चटणी म्हटलं, पण गटाचं नाव एकालाही आठवेना. ते नाव तीन शब्दांचं, संस्कृत वळणाचं, आणि त्या भागात तशाच नावाचे आणखी दोन गट. मी खट्टू होऊन परतलो. दोन दिवसांनी काकूंचा फोन आला. बाजारात दोघी-तिघी येऊन विचारून गेल्या होत्या, "ते तडतडवाली चटनी कोनती जी?"

नाव लोकांनीच ठेवलं होतं. आम्ही फक्त ते उचललं. पुढच्या छपाईत पुडीवर मोठ्या अक्षरांत 'तडतड', बाजूला काकूंची कलती मान आणि कानाशी हात, आणि गटाचं मूळ नाव खाली बारीक. आवाज छापता येत नाही असं वाटलं होतं तो असा छापला गेला.

त्यानंतर

सहा महिन्यांनी गटातल्या ताई म्हणाल्या, "भाऊ, तोच तोच व्हिडिओ पाहून कंटाळा आला. नवीन बनवा नं, डान्सवाला." कंटाळा पहिल्यांदा मालकालाच येतो, कारण तो दिवसातून दहा वेळा बघतो. गिऱ्हाइकाने तो दोनदा पाहिलेला असतो, त्यातही एकदा अर्धा. मी त्यांना नाही म्हटलं नाही, नवा केला. यंदा सांडगी मिरचीचा. तेलात मिरची पडते, चुर्र होतं, सून विचारते, "काकू, काढू का?"

कढई तीच आहे. काकूंनी या वेळी मला आधीच बजावलं, "अजून थोडं म्हनायचं नाही."